नॅनोकाड्यांवर क्वांटम डॉट बसवताना: रंग कुठे धरतो, कुठे उतरतो

ॲल्युमिनियमच्या रंगीत वस्तू सगळ्यांच्या पाहण्यातल्या आहेत. सायकलचे लाल-निळे सुटे भाग, टॉर्चचं काळं अंग, पेनाचं सोनेरी टोपण. हा रंग ब्रशने मारलेला नसतो. आधी धातू सल्फ्युरिक आम्लात बुडवून त्यातून वीज सोडतात. त्यामुळे वर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या थरात दहा-वीस नॅनोमीटर रुंदीची असंख्य छिद्रं तयार होतात. मग वस्तू रंगाच्या टाकीत जाते, रंग छिद्रांत शिरतो. शेवटी ती जवळजवळ उकळत्या पाण्यात धरली की ऑक्साइड पाणी पिऊन फुगतो, छिद्रांची तोंडं मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. म्हणूनच तो नखाने खरवडून निघत नाही.

बेळगाव परिसराला हे काम परकं नाही. यमनापूरला बॉक्साइटपासून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, काढण्याचा कारखाना अनेक दशकं चालू आहे, आणि उद्यमबागेत यंत्रांचे भाग घडवणाऱ्यांना ॲनोडायझिंग म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. वडगाव-शहापूरच्या विणकर घरांत तर सुताला रंग धरणं आणि रंग नुसता वर बसणं यातला फरक पहिल्या धुण्यातच कळतो.

आता रंगाच्या जागी क्वांटम डॉट घ्या, आणि साध्या छिद्रांच्या जागी मुद्दाम घडवलेला पृष्ठभाग घ्या: उभ्या काड्या, नळ्या किंवा जाळी. दोन्ही मिळून जे तयार होतं त्याला संकरित पदार्थ म्हणतात. सौर घट, प्रकाश ओळखणारे सेन्सर, दिवे, प्रकाशाच्या जोरावर रसायनं मोडणारे थर अशा बऱ्याच ठिकाणी तो वापरता येतो. डॉट बनवण्याची कृती आज सहज मिळते, काड्या उगवण्याचीही मिळते. नमुना फसतो तो या दोघांच्या सांध्यात. म्हणून इथे सगळा भर सांध्यावर आहे.

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा अतिशय बारीक स्फटिक, साधारण २ ते १० नॅनोमीटरचा. एवढ्याशा जागेत इलेक्ट्रॉनला मोकळं फिरता येत नाही, आणि जागा जितकी तोकडी तितकी त्याची ऊर्जा चढते. हार्मोनियमच्या पेटीतली पट्टी आखूड झाली की सूर चढा होतो, तसंच. कॅडमियम सेलेनाइडचा २ नॅनोमीटरच्या आसपासचा कण निळसर उजळतो, ६ नॅनोमीटरचा लाल. पदार्थ तोच, माप वेगळं. अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८१ मध्ये हा परिणाम काचेतल्या कणांत दाखवला, लुई ब्रुस यांनी १९८३ मध्ये द्रावणातल्या कणांत, आणि मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये एकसारख्या मापाचे कण बनवण्याची पद्धत दिली. तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण मग सपाट काचेवरच डॉट का पसरायचे नाहीत? कारण एकाच थरातून बहुतेक प्रकाश आरपार निघून जातो. थरावर थर चढवले तर प्रकाश अडतो, पण आतला इलेक्ट्रॉन एका डॉटवरून दुसऱ्यावर उड्या मारत काचेपर्यंत पोचायच्या आत वाटेत हरवतो. यावर उपाय म्हणजे जागा वाढवणं. ६० नॅनोमीटर जाडीची, १ मायक्रॉन (हजार नॅनोमीटर) उंचीची एक काडी घेतली तर तिच्या अंगाचं क्षेत्रफळ सुमारे ०.१९ चौरस मायक्रॉन भरतं. एका चौरस मायक्रॉनमध्ये अशा १०० काड्या उभ्या असतील तर तेवढ्याच काचेवर १९ पट जागा मिळाली. डॉटचा थर एकच ठेवायचा, प्रकाश मात्र एकोणीस वेळा अडवायचा.

इथे काड्या घेतल्या आहेत त्या मुख्यतः झिंक ऑक्साइडच्या. त्या एकट्या फारशा उपयोगाच्या नाहीत. त्या साधारण ३७५ नॅनोमीटरच्या खालचा, म्हणजे अतिनील प्रकाशच शोषतात, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतो. कॅडमियम सल्फाइडचे डॉट ५०० नॅनोमीटरपर्यंतचा निळा-हिरवट प्रकाशही घेतात. शिवाय डॉटमध्ये उठलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जेची पातळी झिंक ऑक्साइडच्या पातळीहून वर असते, त्यामुळे त्याला उतार मिळतो. खानापूरकडच्या भातशेतीत वरच्या खाचरातलं पाणी बांधाला वाट दिली की आपोआप खालच्या खाचरात उतरतं. इथे डॉट हे वरचं खाचर, काडी हे खालचं, आणि डॉटभोवतीचं आवरण म्हणजे बांध. बांध जाड राहिला तर उतार असूनही पाणी जागचं हलत नाही. पुढे ही गोष्ट पुन्हा लागणार आहे.

आधी काड्या

वीजवाहक थर असलेली काच घ्यावी, बाजारात ती एफटीओ काच म्हणून मिळते. थर कुठल्या बाजूला आहे ते मल्टिमीटरने बघून मागच्या बाजूला कोपऱ्यात खूण करावी. काम झाल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. साबणाचं पाणी, ऊर्ध्वपातित पाणी, ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटं अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी द्रव थरथरवून धुणाऱ्या यंत्रात. काच खरंच स्वच्छ झाली का हे पाण्याच्या थेंबाने कळतं. थेंब सरळ पसरून पापुद्रा झाला तर ठीक, मण्यासारखा गोळा झाला तर तेलकटपणा शिल्लक आहे.

मग बी पेरायचं. १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ०.११ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट विरघळवावं. त्याचे थेंब काचेवर सोडून दहा सेकंद थांबावं, ताज्या इथेनॉलने धुऊन वाळवावं, आणि हे चार-पाच वेळा करून ३५० अंश सेल्सिअसला वीस ते तीस मिनिटं तापवावं. ही पायरी घाईत उरकली की काड्या ठिकठिकाणी झुबक्यांनी उगवतात आणि मधे उघडी काच राहते. ही उघडी काच पुढे सौर घटात गळतीची जागा होते, कारण इलेक्ट्रॉन काचेतून थेट परत घटात भरलेल्या द्रावणात निसटतो.

वाढीच्या द्रावणासाठी १०० मिलिलिटर पाण्यात ०.७४ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट आणि ०.३५ ग्रॅम हेक्सामाइन घ्यावं, म्हणजे दोन्ही २५ मिलिमोलर होतात. झाकणबंद बाटलीत काच बीची बाजू खाली करून तिरकी टेकवावी आणि ९० अंशांवर तीन ते सहा तास ठेवावी. काच पालथी ठेवण्याला कारण आहे: द्रावणात मोकळे तयार होणारे झिंक ऑक्साइडचे कण खाली बसतात, आणि काच उताणी असेल तर ते काड्यांच्या टोकांवर पावडर पडल्यासारखे साचतात. हेक्सामाइन गरम पाण्यात हळूहळू मोडून अमोनिया आणि फॉर्मल्डिहाइड सोडतं. अमोनियामुळे द्रावण सावकाश अल्कधर्मी होतं आणि काड्या शिस्तीत वाढतात. फॉर्मल्डिहाइड मात्र डोळ्यांना झोंबतं आणि अंगाला अपायकारक आहे, त्यामुळे बाटली थंड झाल्यावर धुराड्याच्या कपाटातच उघडावी.

मधेच वीज गेली तर? ओव्हन तासभर थंड पडला तर वीज आल्यावर तीच बाटली पुन्हा तापवू नये. त्या द्रावणातला बराच जस्त एव्हाना तळाला बसलेला असतो आणि काड्यांची वाढ वेडीवाकडी होते. काच काढून धुवावी, ताजं द्रावण करावं, उरलेले तास त्यात भरून काढावेत.

काडीवरच डॉट उगवणं

डॉट बसवण्याचे दोन मोठे मार्ग आहेत. एकात डॉट काडीच्या अंगावरच तयार करतात, दुसऱ्यात आधी बनवलेले डॉट आणून चिकटवतात. पहिल्याला सिलार म्हणतात. आळीपाळीने बुडवत जायची ही पद्धत १९८५ मध्ये निकोलाऊ यांनी मांडली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अशा रासायनिक पद्धतींनी पातळ थर करण्याचं काम बरीच वर्षं चाललं आहे, त्यामुळे या भागातल्या विद्यार्थ्यांना ही पद्धत जवळच शिकायला मिळते. फार महागडं यंत्रही लागत नाही. चार बीकर, घड्याळ आणि चिकाटी.

पहिल्या बीकरमध्ये ०.०५ मोलर कॅडमियम नायट्रेट: १०० मिलिलिटर इथेनॉलमध्ये टेट्राहायड्रेट असेल तर १.५४ ग्रॅम. दुसऱ्यात नुसतं इथेनॉल. तिसऱ्यात ०.०५ मोलर सोडियम सल्फाइड: नोनाहायड्रेट १.२० ग्रॅम, निम्मं पाणी आणि निम्मं मिथेनॉल मिळून १०० मिलिलिटर. चौथ्यात नुसतं मिथेनॉल. काच कॅडमियममध्ये एक मिनिट, इथेनॉलमध्ये एक मिनिट, सल्फाइडमध्ये एक मिनिट, मिथेनॉलमध्ये एक मिनिट. ही एक फेरी. कॅडमियम आणि मिथेनॉल दोन्ही विषारी आहेत. हातमोजे घालून धुराड्याखालीच हे करायचं. सल्फाइडच्या जवळपास आम्ल आणू नये. थेंबभर आम्लानेही हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सुरुवातीला त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू संपला, असं समजणं जिवावर बेतू शकतं.

आता नजर धुण्याच्या बीकरवर ठेवा, कारण अख्खा खेळ तिथे आहे. कॅडमियममधून काच वर आली की दोन प्रकारचं कॅडमियम तिच्यासोबत येतं. थोडं काडीच्या अंगाला घट्ट धरलेलं असतं, आणि बरंचसं काड्यांमधल्या ओल्या फटींत नुसतं भरलेलं. धुणं हे दुसरं कॅडमियम काढण्यासाठी असतं. ते राहिलं तर काच सल्फाइडमध्ये जाताच फटीतच पिवळी साय धरते, काडीला न चिकटता. सल्फाइडचा बीकर गढूळ पिवळा होऊ लागला तर ओळखावं, धुणं कमी पडतंय. बीकर शेवटपर्यंत नितळ आणि काच मात्र फेरीगणिक पिवळी, असं दिसलं पाहिजे. उलट मिनिटाऐवजी दहा मिनिटं धूत बसलं तर धरलेलं कॅडमियमही सुटायला लागतं आणि फेऱ्या वाढूनही रंग चढत नाही. दोन्ही धुण्यांसाठी एकच बीकर वापरण्याची काटकसर करू नये. धुण्याचं द्रव दोन-तीन फेऱ्यांनी बदलावं.

रंगाचा प्रवास साधारण असा असतो. पहिल्या फेरीनंतर काचेत काहीच फरक दिसत नाही. तिसरीच्या सुमारास पांढऱ्या कागदावर धरली तर फिकट लिंबू छटा दिसते. सहा-सातपर्यंत स्वच्छ पिवळा येतो, दहाच्या पुढे हळदीसारखा गडद. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कण रुजतात, पुढच्या फेऱ्यांत मुख्यतः तेच फुगतात. म्हणजे फेऱ्यांची संख्या हा डॉटच्या मापाचा लगाम आहे. गडद पिवळा दिसला की आनंद होतो, पण त्या रंगाच्या मोहात अनेक चांगले नमुने बिघडतात. ज्याच्या पुढचा प्रकाश पदार्थ शोषत नाही ती शोषणाची कडा. साध्या, मोठ्या कॅडमियम सल्फाइडची ही कडा ५१२ नॅनोमीटरच्या आसपास असते. तुमच्या नमुन्याची कडा ४५० ते ४९० मध्ये असेल तर कण अजून डॉट आहेत. ५१० ला टेकली तर ते एकमेकांत मिसळून सलग साल झालं आहे आणि काड्यांमधल्या वाटाही बुजत चालल्या आहेत. त्या वाटांतून पुढे घटाचं द्रावण तळापर्यंत जायचं असतं. ॲनोडायझिंगमध्ये तोंडं मिटवणं हे शेवटचं काम असतं, इथे ती उघडी राखावी लागतात. पाच ते आठ फेऱ्यांत थांबणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

झिंक ऑक्साइडची आणखी एक अडचण. शेतकरी जमिनीचा सामू तपासतात, तोच कॉलेजात पीएच या नावाने भेटतो. झिंक ऑक्साइड सामू ६ च्या खाली विरघळायला लागतं आणि १२ च्या वरही. सोडियम सल्फाइडचं द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं. त्यात काच विसरून अर्धा तास राहिली तर काड्या कुरतडल्या जातात आणि त्यांचं अंग झिंक सल्फाइडमध्ये बदलायला लागतं. म्हणून प्रत्येक बुडवणं मिनिटभराचं. टायटॅनियम ऑक्साइड या बाबतीत खूप सोशिक आहे. शिकणाऱ्यांनी पहिला नमुना त्यावर केला तर निराशा कमी पदरी येते.

डॉट झाल्यावर शेवटी झिंक ॲसिटेट आणि सल्फाइडच्या दोन फेऱ्या देऊन वर झिंक सल्फाइडची पातळ साल चढवतात. डॉटच्या अंगावर जे अर्धवट सुटे बंध असतात तिथे इलेक्ट्रॉन अडकतो. ती ठिकाणं या सालीने झाकली जातात. दोनच फेऱ्या पुरतात. आणि घट बनवायचा असेल तर त्यात आयोडाइडचं द्रावण घालू नये, ते कॅडमियम सल्फाइडला खातं. पॉलिसल्फाइड वापरावं.

तयार डॉट आणून चिकटवणं

सिलारमध्ये डॉट लहानमोठे होतात. अचूक मापाचे हवे असतील तर ते आधी गरम द्रावणात बनवून मग बसवावे लागतात. असे डॉट ओलेइक आम्लासारख्या लांब, तेलकट साखळ्यांचं आवरण घेऊन येतात. त्यामुळे ते टोल्युइनमध्ये छान तरंगतात, पण हेच आवरण म्हणजे मघाचा जाड बांध. तो काढून आखूड बांध घालायचा असतो. त्यासाठी मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल वापरतात. त्याच्या रेणूच्या एका टोकाला गंधक असतं, ते डॉटला धरतं. दुसऱ्या टोकाचा आम्लगट ऑक्साइडला धरतो. सुताला रंग धरावा म्हणून रंगारी तुरटी देतात, तीही अशीच एका हाताने सूत आणि दुसऱ्या हाताने रंग पकडते.

आवरण बदलण्याआधी डॉट धुवावे लागतात: इथेनॉल किंवा ॲसिटोन घालून खाली बसवायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वेगळे करायचे, पुन्हा टोल्युइनमध्ये घ्यायचे. दोनदा, फार तर तीनदा. कमी धुतलं तर मोकळं ओलेइक आम्लच आधी काड्यांना जाऊन चिकटतं आणि डॉटना जागा उरत नाही. जास्त धुतलं तर डॉट उघडे पडतात आणि गुठळ्या होतात. गुठळी झाली का हे बघायला लाल लेझर पॉइंटर पुरतो: बारीक कणांच्या द्रावणातून किरण जवळजवळ अदृश्य जातो, गुठळ्या असतील तर धुक्यातल्या हेडलाइटसारखा पट्टा दिसतो. हिरवा किंवा जांभळा पॉइंटर घेऊ नये, त्याने डॉट स्वतःच उजळतात आणि फसगत होते.

आता सामूचा पेच. हे नवं आवरण चढलेले डॉट १० च्या आसपासच्या सामूत शांत राहतात, ५ च्या खाली आवरण सुटून तळाला बसतात. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग ९ च्या खाली धनभारित असतो, वर ऋणभारित. डॉट ऋणभारित आहेत. म्हणजे १० ला डॉट खूश, पण काडी त्यांना दूर लोटते. ५ ला काडी आणि डॉट दोन्ही बरबाद. मधली ७.५ ते ८.५ ची अरुंद पट्टी तेवढी कामाची. सामू कागदी पट्टीवर न मोजता मीटरवर मोजावा, आणि मीटर त्याच दिवशी बफरने, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणाने, लावून घेतलेला असावा. काच या द्रावणात अंधारात बारा ते चोवीस तास ठेवावी. अंधार अशासाठी की उजेडात गंधकाची टोकं आपसांत जुळतात आणि डॉटवरची पकड सोडतात.

टायटॅनियम ऑक्साइडसाठी उलटा क्रम सोपा पडतो. आधी काच मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्लात भिजवून धुवायची, मग टोल्युइनमधले डॉट द्यायचे. इथे सामूचा प्रश्नच येत नाही. झिंक ऑक्साइडवर हे करायला जाऊ नये. आम्ल काड्यांना कुरतडतं.

ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची छिद्रंही वापरता येतात. ०.३ मोलर ऑक्झॅलिक आम्ल, ४० व्होल्ट आणि बर्फाच्या पाण्यात ठेवलेलं भांडं, एवढ्यावर साधारण १०० नॅनोमीटर अंतराने छिद्रं येतात; अंतर दर व्होल्टला सुमारे अडीच नॅनोमीटर या हिशोबाने ठरतं. अशा खोल, अरुंद छिद्रांत हवा अडकून बसते. पाण्याऐवजी अल्कोहोल वापरलं, किंवा द्रावणात बुडवून भांड्यातली हवा पंपाने ओढून घेतली, तर डॉट तळापर्यंत पोचतात. फार दाट द्रावण दिलं तर तोंडाशीच बूच बसतं. पातळ द्रावण आणि जास्त वेळ, हा मार्ग धरावा.

सोन्याच्या नॅनोकणांजवळ डॉट बसवतानाही अंतराचाच प्रश्न असतो. डॉट सोन्याला टेकला तर त्याची चमक मरते. मधे काही नॅनोमीटरचा सिलिका किंवा पॉलिमरचा थर राखला तर तीच चमक वाढूही शकते.

चमक गेली म्हणजे काय झालं?

तयार डॉट काड्यांवर बसवून अतिनील टॉर्च मारला आणि द्रावणात लखलखणारे डॉट काचेवर मंद दिसले, तर विद्यार्थी हिरमुसतात. खरं तर सौर घटासाठी हेच हवं असतं. डॉटमधला इलेक्ट्रॉन काडीत उतरला तर प्रकाश देऊन परतायला तिथे कोणी उरत नाही. चमक जितकी मेली तितका उतार चालू आहे. दिवा किंवा रंगीत पडदा बनवायचा असेल तर मात्र नेमकं उलट हवं. तिथे बांध जाडच ठेवायचा.

पण चमक गुठळ्यांमुळेही जाते, आवरण खराब झाल्यानेही जाते. म्हणून मंद दिसलं की यश, असा निष्कर्ष काढता येत नाही. तेच डॉट त्याच दिवशी ॲल्युमिनाच्या पृष्ठभागावर बसवून बघावेत. ॲल्युमिनाची पातळी इतकी वर असते की इलेक्ट्रॉन तिथे उतरू शकत नाही. ॲल्युमिनावर चमक टिकली आणि झिंक ऑक्साइडवर मेली, तर इलेक्ट्रॉन खरंच काडीत जातो आहे. दोन्हीकडे मेली तर दोष डॉटमध्ये आहे. तुलना करताना दोन्ही नमुन्यांवर डॉट सारखेच बसलेत हे शोषणाच्या आलेखावरून आधी पडताळावं. या एका तुलनेवाचून केलेला दावा कच्चाच राहतो.

साध्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काड्या सुंदर दिसतात, पण ४ नॅनोमीटरचा डॉट त्यात उठून दिसत नाही. दिसणारे ठिपके बहुधा गुठळ्या असतात. काड्या खरवडून इथेनॉलमध्ये हलवाव्यात, एक थेंब नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर सोडावा आणि आरपार पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावा. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात उपकरण केंद्रं आहेत. नमुना पाठवण्याआधी कोणतं उपकरण चालू आहे ते विचारून घ्यावं. पकड तपासायला यातलं काही लागत नाही. काचेचा अर्धा भाग स्वच्छ इथेनॉलमध्ये बुडवून दोन मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा. इथेनॉल पिवळं झालं तर रंग वर बसला होता, धरला नव्हता.

पाणी आणि पावसाळा

अथणी-चिकोडीकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. कार्बोनेट असलेल्या पाण्यात कॅडमियमचा पांढरा साका बसतो, आणि क्लोराइडमुळेही धरण्याचं गणित बदलतं. आरओचं पाणी पिण्यापुरतं ठीक, या कामाला नाही. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी चालू शकतं, पण प्रत्येक कॅन टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या मीटरवर, तपासून. आकडा ५ च्या खाली हवा.

जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरच्या हवेत ओल मावत नाही. झिंक नायट्रेट बाटलीतच पाणी पिऊन चिखल होतं, आणि मग ०.७४ ग्रॅम वजनात नायट्रेट किती, पाणी किती, हे कळत नाही. बाटली सिलिका जेलसोबत डेसिकेटरमध्ये ठेवावी. सोडियम सल्फाइड तर हवेनेच खराब होतं. खड्यावर पांढरी भुकटी धरली असेल तर खडा थंड पाण्यात झटकन खळबळून टिपकागदाने टिपावा, मग वजन करावं. त्याचं द्रावण रोज ताजं. कालचं नितळ दिसलं तरी त्यातलं बरंच सल्फाइड संपलेलं असतं. एकच कृती मे महिन्यात जमते आणि जुलैमध्ये फसते, तेव्हा आधी या दोन बाटल्यांकडे बघावं.

कॅडमियमचं काय करायचं

असे थर वापरून मिथिलीन ब्लू हा निळा रंग उन्हात फिकट करून दाखवायचा आणि त्याला पाणी शुद्ध करणं म्हणायचं, हा प्रकल्प खूप होतो. त्यात अर्धा तास अंधारात ठेवून नुसतं चिकटणं किती ते मोजलं पाहिजे, आणि थराशिवाय नुसत्या उन्हात रंग किती उडतो तेही. त्याहून मोठी गोष्ट अशी की पाणी, हवा आणि ऊन एकत्र आले की कॅडमियम सल्फाइड स्वतःच झिजतं आणि कॅडमियम पाण्यात सुटतं. निळा रंग गेला आणि कॅडमियम आलं, तर ते पाणी पहिल्यापेक्षा वाईट. सुटलेलं कॅडमियम मोजल्याशिवाय शुद्धीकरण हा शब्द वापरू नये.

शिकण्यासाठी कॅडमियमच हवं असंही नाही. सायट्रिक आम्ल आणि युरिया पाण्यात घालून, खास याच कामासाठी ठेवलेल्या मायक्रोवेव्हमध्ये तापवले की निळे-हिरवे उजळणारे कार्बन डॉट मिळतात. उसाच्या रसापासूनही ते करतात, आणि रसाला आपल्याकडे तोटा नाही. त्यांच्या अंगावरचे आम्लगट झिंक ऑक्साइडला आणि ॲल्युमिनाला आपसूक धरतात. मात्र ते द्रावण डायलिसिसच्या पिशवीत, म्हणजे लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पातळ पिशवीत, घालून पाणी बदलत दिवसभर ठेवावं. न गाळलेल्या द्रावणात बरीचशी चमक डॉटची नसते, सोबत तयार झालेल्या सुट्या रेणूंची असते.

कॅडमियम वापरलंच तर त्याचा थेंबही बेसिनमध्ये जाता कामा नये. बेळगाव शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून वाहतं आणि त्या नाल्याकाठी भाताची शेतं आहेत. भाताचं पीक जमिनीतलं कॅडमियम मुळांनी उचलतं आणि दाण्यात साठवतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीचं कॅडमियम भातात उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. वेदनेने ओरडणाऱ्या रुग्णांवरून त्या आजाराला इताई-इताई नाव पडलं, आणि १९६८ मध्ये तिथल्या सरकारने त्याचं कारण मान्य केलं. म्हणून उरलेलं कॅडमियमचं द्रावण, दोन्ही धुण्याचे द्रव, पुसलेले कागद आणि हातमोजे वेगळे जमा करावेत. द्रावणात धुराड्याखाली उरलेलं सल्फाइड घालावं, सामू ९ च्या वर राखावा, पिवळा साका रात्रभर बसू द्यावा. वरचं पाणीही तपासल्याशिवाय ओतू नये. साका रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन घट्ट झाकण लावावं आणि कॉलेजमार्फत घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्यावा. तोवर बाटलीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं: कॅडमियम, विषारी, आम्ल घालू नये. खोली झाडायला येणाऱ्या मावशींना यातली कोणती भाषा वाचता येते हेही विचारून घ्यावं, आणि वाचता येत नसेल तर बाटली हातात घेऊन त्यांना सांगावं.